नेव्हरमाइंड (अल्बम)

नेव्हरमाइंड हा निर्वाना या अमेरिकन ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडचा दुसरा स्टुडिओ अल्बम आहे. तो २४ सप्टेंबर १९९१ रोजी डीजीसी रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केला. त्याची निर्मिती बुच व्हिग यांनी, तर ध्वनिमिश्रण अँडी वॉलेस यांनी केले. कर्ट कोबेन (गायन व गिटार), क्रिस्ट नोवोसेलिक (बास गिटार) आणि डेव्ह ग्रोल (ड्रम्स) या तिघांनी मिळून केलेला हा पहिला अल्बम होय. प्रकाशनापूर्वी कंपनीने त्याच्या सुमारे अडीच लाख प्रतींच्या विक्रीची अपेक्षा धरली होती. प्रत्यक्षात जगभरात त्याच्या ३ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. छोट्या कंपन्या, महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे आणि लहान क्लब यांच्या आश्रयाने वाढलेले संगीत या अल्बममुळे अमेरिकी लोकप्रिय संगीताच्या केंद्रस्थानी आले. ज्या सफाईदार ध्वनीमुळे हे घडले असे मानले जाते, तोच ध्वनी पुढे कोबेन यांना नकोसा झाला. अल्बमविषयीची चर्चा आजही बव्हंशी या विसंगतीभोवती फिरते.

पार्श्वभूमी

कोबेन व नोवोसेलिक हे दोघेही वॉशिंग्टन राज्यातील अ‍ॅबरडीन या गावचे. लाकूड व्यवसायावर जगणारे हे गाव त्या काळी उतरतीला लागले होते. दोघांनी १९८७ मध्ये बँड स्थापन केला आणि काही नावे बदलल्यावर ‘निर्वाना’ हे नाव कायम केले. मूळ संस्कृत ‘निर्वाण’ या शब्दाचा हा इंग्रजी उच्चार आहे. पंक बँडांची नावे सहसा राकट व शिवराळ असत. कोबेन यांना त्याउलट सुंदर वाटणारे नाव हवे होते. दुःखापासून मुक्ती हा त्या शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक होता, परंतु बँडच्या संगीताचा बौद्ध विचाराशी याहून अधिक संबंध जोडणे योग्य ठरणार नाही.

बँडचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ १९८९ मध्ये सिअ‍ॅटल येथील सब पॉप या स्वतंत्र कंपनीने प्रकाशित केला. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट इतका आला होता. हा आकडा बँडच्या चाहत्यांना तोंडपाठ असतो. ‘नेव्हरमाइंड’ प्रकाशित होण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत ‘ब्लीच’च्या सुमारे ४०,००० प्रती खपल्या होत्या. स्वतंत्र कंपनीच्या दृष्टीने हे यश समाधानकारक होते. मोठ्या कंपन्यांच्या लेखी मात्र ही संख्या नगण्य होती.

एप्रिल १९९० मध्ये बँडने विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील स्मार्ट स्टुडिओत बुच व्हिग यांच्यासोबत काही गाणी ध्वनिमुद्रित केली. सब पॉपसाठी दुसरा अल्बम करावा, असा त्यामागचा बेत होता. तो सिद्धीस गेला नाही, परंतु या मुद्रणांच्या प्रती संगीत व्यवसायात हातोहात फिरू लागल्या आणि मोठ्या कंपन्यांचे बँडकडे लक्ष वेधले गेले. त्याच वर्षी ड्रमवादक चॅड चॅनिंग बँडमधून बाहेर पडले. त्यांच्या जागी वॉशिंग्टन डीसी येथील ‘स्क्रीम’ या पंक बँडमध्ये वाजवणारे डेव्ह ग्रोल आले. त्यांच्या वादनातील जोर आणि काटेकोरपणा यांमुळे बँडचा एकूण आवाजच बदलला.

ज्येष्ठ बँड सॉनिक यूथच्या शिफारशीवरून निर्वानाने गेफेन समूहातील डीजीसी ही कंपनी निवडली. करार मोडण्याचा मोबदला म्हणून सब पॉपला ७५,००० डॉलर मिळाले. याशिवाय पुढील विक्रीत अल्पसा हिस्सा आणि अल्बमवर सब पॉपचे बोधचिन्ह, एवढे पदरात पडले. तो हिस्सा अल्पसा असला तरी पुढे त्या छोट्या कंपनीला तारणारा ठरला.

ध्वनिमुद्रण

अल्बमचे मुख्य ध्वनिमुद्रण मे व जून १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथील साउंड सिटी या स्टुडिओत झाले. स्टुडिओ जुना व कळकट होता. मात्र तेथील नीव्ह कंपनीचा मिश्रणफलक आणि ड्रम्सच्या नादाला अनुकूल असणारा मोठा कक्ष यांची ख्याती होती. फ्लीटवुड मॅकसारख्या यशस्वी बँडांनी तेथे काम केले होते. स्टुडिओतील वेळ महाग असल्यामुळे बँडने आधीच टकोमा येथे गाण्यांची कसून तालीम केली होती. परिणामी बहुतेक गाण्यांचे पायाभूत वादन मोजक्या प्रयत्नांत पूर्ण झाले. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या गाण्याचे तीनदा मुद्रण झाले आणि त्यांतले दुसरे निवडण्यात आले.

खरी अडचण गायनाची होती. एकच ओळ त्याच चालीत पुन्हा गाऊन दोन्ही आवाज एकमेकांवर बसवले की स्वर भरदार होतो, हे स्टुडिओतील जुने तंत्र आहे. कोबेन यांना ते कृत्रिम वाटे आणि एकदा चांगले गाऊन झाल्यावर पुन्हा गाण्याची त्यांची तयारी नसे. बीटल्सचे जॉन लेनन यांनीही असेच केले होते, असे सांगून व्हिग त्यांना राजी करत. लेनन यांचे नाव निघाले की कोबेन यांचा विरोध मावळे. ही आठवण व्हिग यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितली आहे. अल्बमच्या घडणीविषयी ती बरेच काही सांगून जाते, कारण पंकविषयीची निष्ठा आणि बीटल्सच्या सुरेलपणाची ओढ या दोन्ही गोष्टी कोबेन यांच्या ठायी आरंभापासून होत्या. सफाई निर्मात्याने त्यांच्यावर लादली, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

‘लिथियम’च्या मुद्रणाच्या वेळी एक प्रयत्न फसला आणि वैतागलेल्या बँडने दिशाहीन, कर्कश वादन सुरू केले. त्याच्या ओघात कोबेन यांनी आपली गिटार फोडली. तांत्रिक साहाय्यकांनी ध्वनिफीत चालूच ठेवली होती. हेच वादन ‘एंडलेस, नेमलेस’ या नावाने अल्बमच्या अखेरीस, शेवटचे गाणे संपल्यावर सुमारे दहा मिनिटांच्या शांततेनंतर, गुप्तपणे जोडण्यात आले. पहिल्या आवृत्तीच्या अनेक प्रतींत मात्र ते नजरचुकीने राहून गेले.

‘समथिंग इन द वे’ची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. बँडसह वाजवून पाहिल्यावर या गाण्याचा हळुवारपणा हरवतो, असे लक्षात आले. तेव्हा कोबेन यांनी नियंत्रण कक्षातील कोचावर आडवे होऊन, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात ते गायले. हातातील जुनी गिटार पाच तारांची होती आणि ती सुरात लावलेलीही नव्हती. व्हिग यांनी खोलीतील दूरध्वनी व पंखा बंद करून ते मुद्रित केले. बास व ड्रम्स नंतर जोडले गेले. बेसूर गिटारीशी बास जुळवून घेताना आणि ग्रोल यांना शक्य तितके हळू वाजवायला लावताना सर्वांचीच कसोटी लागली. कर्क कॅनिंग यांचे चेलोवादनही नंतरच मुद्रित झाले.

‘पॉली’ हे गाणे मात्र नव्याने मुद्रित करण्यात आले नाही. स्मार्ट स्टुडिओतील १९९० चे मुद्रणच अल्बममध्ये घेतले गेले. त्यात ऐकू येणारी झांज चॅड चॅनिंग यांनी वाजवलेली आहे.

व्हिग व बँड यांनी स्वतः केलेले ध्वनिमिश्रण समाधानकारक न वाटल्याने कंपनीने अन्य मिश्रकांची यादी पुढे ठेवली. कोबेन यांनी अँडी वॉलेस यांना निवडले. गुळगुळीत पॉप ध्वनी टाळावा, या हेतूने हेवी मेटल बँड स्लेअरसोबत काम केलेला माणूस त्यांना हवा होता. वॉलेस यांनी ड्रम्सना अधिक घुमारा दिला, गिटारींचे थर स्वच्छपणे वेगळे केले आणि गायन पुढे आणले. निकाल हाती आला तेव्हा बँडला तो आवडला होता; तक्रार नंतर सुरू झाली.

संगीत व गीते

अल्बममध्ये बारा गाणी असून त्यांचा एकूण कालावधी सुमारे ४२ मिनिटे आहे. बहुतेक गाण्यांची रचना एका सूत्रावर उभी आहे: कडवे दबक्या आवाजात, जवळजवळ रिकामे, आणि ध्रुवपदात गिटारींचा एकदम स्फोट. हे सूत्र निर्वानाने शोधलेले नाही. बॉस्टनच्या पिक्सीज या बँडने ते आधीच वापरले होते आणि आपण त्यांचेच अनुकरण करत होतो, अशी कबुली कोबेन यांनी ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या १९९४ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत दिली. भेद आहे तो चालींत. कोबेन यांच्या चाली साध्या, लहान पल्ल्याच्या आणि एकदा ऐकल्यावर मनात घोळत राहणाऱ्या आहेत. ग्रोल यांनीही ‘टीन स्पिरिट’मधील आपल्या ड्रम्सवर गॅप बँडसारख्या फंक व डिस्को वादकांचा प्रभाव असल्याचे मोकळेपणाने सांगितले आहे. पंक अल्बमच्या सर्वांत प्रसिद्ध सुरुवातीत डिस्कोचा ठेका दडलेला असावा, ही मौजेची गोष्ट आहे.

‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या शीर्षकामागची कथा प्रसिद्ध आहे. बिकिनी किल या बँडच्या गायिका कॅथलीन हॅना यांनी एका रात्री कोबेन यांच्या भिंतीवर, त्यांना ‘टीन स्पिरिट’चा वास येतो, असे रंगाने लिहून ठेवले. ‘टीन स्पिरिट’ हे तरुणींसाठीच्या एका घामरोधक प्रसाधनाचे नाव होते. कोबेन यांना ते ठाऊक नव्हते; त्यांनी त्यात तरुणाईच्या बंडाची घोषणा वाचली आणि गाण्याला तेच नाव दिले. खरा अर्थ त्यांना गाणे प्रकाशित झाल्यानंतर कळला.

गीतांचे शब्द अनेकदा तुटक व परस्परविरोधी आहेत. कोबेन ते बहुधा शेवटच्या क्षणी, जुन्या वह्यांतील कवितांचे तुकडे जुळवून लिहीत. त्यामुळे प्रत्येक ओळीचा अर्थ लावण्याचा खटाटोप फारसा फलदायी ठरत नाही. याला ठळक अपवाद ‘पॉली’चा आहे. १९८७ मध्ये टकोमा येथे एका चौदा वर्षांच्या मुलीचे अपहरण करून तिच्यावर अत्याचार करण्यात आले होते. ती आपल्या हुशारीने निसटली. कोबेन यांनी ही घटना अपहरणकर्त्याच्या तोंडून सांगितली आहे आणि साथीला केवळ एक साधी अकूस्टिक गिटार ठेवली आहे. निवेदकाच्या थंडपणामुळेच गाणे अंगावर येते. पुढे दोन तरुणांनी एका मुलीवर बलात्कार करताना हेच गाणे म्हटल्याची बातमी आली. कोबेन यांना तिचा जबर धक्का बसला. डिसेंबर १९९२ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘इन्सेस्टिसाइड’ या संकलनाच्या टिपणात त्यांनी त्या तरुणांचा कठोर शब्दांत निषेध केला. समलैंगिक, स्त्रिया किंवा अन्य वंशाचे लोक यांचा द्वेष करणाऱ्यांनी आमच्या कार्यक्रमांना येऊ नये आणि आमचे अल्बम विकत घेऊ नयेत, असेही त्यांनी त्यात बजावले.

या संदर्भात ‘इन ब्लूम’ हे गाणे पाहण्यासारखे आहे. गाण्याची चाल आवडते म्हणून मोठ्याने साथ देणारा, पण त्याचा अर्थ न कळणारा श्रोता हा त्याचा विषय आहे. ते १९९० मध्ये, म्हणजे बँडला मोठा श्रोतृवर्ग लाभण्यापूर्वी लिहिले गेले. दोन वर्षांनी लाखो लोक नेमक्या त्याच ध्रुवपदाला साथ देऊ लागले.

‘कम अ‍ॅज यू आर’च्या गिटारीची धून ब्रिटिश बँड किलिंग जोकच्या ‘एटीज’ या गाण्याशी मिळतीजुळती आहे. या साम्यामुळे हे गाणे स्वतंत्रपणे प्रकाशित करण्याविषयी बँडच्या मनात धाकधूक होती.

आवरणचित्र

पाण्याखाली पोहणारे एक नग्न बालक आणि त्याच्या पुढ्यात गळाला लावलेली एक डॉलरची नोट, असे अल्बमचे आवरणचित्र आहे. पाण्यातील प्रसूतीविषयीचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहून कोबेन यांना ही कल्पना सुचली. प्रसूतीची प्रत्यक्ष छायाचित्रे वापरण्याजोगी नसल्यामुळे कलादिग्दर्शक रॉबर्ट फिशर यांनी छायाचित्रकार कर्क वेडल यांच्याकडे काम सोपवले. पासाडेना येथील जलतरण तलावात वेडल यांच्या परिचितांच्या चार महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र घेण्यात आले. त्यासाठी पालकांना २०० डॉलर मिळाले. गळ व नोट नंतर जोडण्यात आली. मोठ्या कंपनीशी नुकताच करार केलेल्या बँडने हे चित्र निवडावे, यात स्वतःवरचा उपरोध दिसतो.

छायाचित्रातील बालकाने प्रौढपणी, २०२१ मध्ये, हे चित्र म्हणजे आपले लैंगिक शोषण असल्याचा दावा करून बँड व संबंधितांविरुद्ध खटला दाखल केला. २०२२ मध्ये तो मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला, २०२३ मध्ये अपील न्यायालयाने पुनरुज्जीवित केला आणि २०२५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने, हे चित्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही असे सांगून, पुन्हा फेटाळला.

प्रकाशन व प्रसार

अमेरिकेत पहिल्या खेपेस ४६,२५१ प्रती दुकानांत पाठवण्यात आल्या. सॉनिक यूथच्या ‘गू’ या अल्बमच्या आसपास विक्री झाली तरी पुरे, असा कंपनीचा अंदाज होता. ‘टीन स्पिरिट’ने ऑल्टरनेटिव्ह रेडिओवरील श्रोता तयार करावा आणि त्यानंतर ‘कम अ‍ॅज यू आर’ने सर्वसामान्यांपर्यंत पोहोचावे, अशी योजना होती. घडले ते निराळेच. सॅम्युएल बेअर यांनी दिग्दर्शित केलेली ‘टीन स्पिरिट’ची चित्रफीत एमटीव्हीने प्रथम रविवारी रात्री उशिराच्या ‘१२० मिनिट्स’ या कार्यक्रमात दाखवली आणि मागणी इतकी वाढली की लवकरच ती दिवसाही वारंवार दिसू लागली. शाळेच्या व्यायामशाळेतील एक मेळावा, कंटाळलेले विद्यार्थी, अराजकवादाचे चिन्ह छातीवर मिरवणाऱ्या चिअरलीडर आणि अखेरीस सगळ्याची झालेली मोडतोड, असे तिचे स्वरूप आहे. बेअर यांची मूळ जुळणी कोबेन यांना पसंत नव्हती. शेवटी दिसणारा त्यांच्या चेहऱ्याचा निकटचा भाग त्यांनीच घालायला लावला.

बिलबोर्डच्या मुख्य अल्बम यादीत ‘नेव्हरमाइंड’ने १४४ व्या स्थानावर प्रवेश केला. ११ जानेवारी १९९२ च्या यादीत तो मायकेल जॅक्सन यांच्या ‘डेंजरस’ला मागे सारून पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्याच दिवशी बँडने ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या लोकप्रिय कार्यक्रमात वादन केले. फेब्रुवारीच्या आरंभी आणखी एक आठवडा तो पहिला राहिला. ‘टीन स्पिरिट’ गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले.

या यशात मोजणीच्या पद्धतीचाही वाटा होता. मे १९९१ पर्यंत बिलबोर्डची यादी दुकानदारांनी तोंडी कळवलेल्या माहितीवर बनत असे आणि प्रस्थापित कलावंतांना त्याचा लाभ होई. त्या महिन्यापासून साउंडस्कॅन या यंत्रणेद्वारे प्रत्यक्ष विक्रीची संगणकीय नोंद वापरली जाऊ लागली. आरईएम या बँडचा ‘आउट ऑफ टाइम’ही त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर गेला होता. ‘नेव्हरमाइंड’ने बंद दार एकट्याने उघडले, हे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे आहे, मात्र आरईएमला त्या स्थानी पोहोचायला सुमारे दहा वर्षे लागली होती, तर निर्वानाला चार महिनेही लागले नाहीत.

समीक्षा

सुरुवातीच्या समीक्षा अनुकूल असल्या तरी एकमुखी नव्हत्या. ‘रोलिंग स्टोन’ने आरंभी पाचपैकी केवळ तीन तारे दिले. वर्षअखेरीस ‘व्हिलेज व्हॉइस’ने घेतलेल्या समीक्षकांच्या वार्षिक मतदानात हा अल्बम पहिला आला. पुढे ‘रोलिंग स्टोन’नेच २०२० च्या सर्वकालीन श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत त्याला सहावे स्थान दिले. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहासाठी त्याची निवड केली आहे.

परिणाम

‘नेव्हरमाइंड’नंतर मोठ्या कंपन्यांनी सिअ‍ॅटल व परिसरातील बँड शोधून करारबद्ध करण्याचा सपाटा लावला. पर्ल जॅमचा ‘टेन’ आणि साउंडगार्डनचा ‘बॅडमोटरफिंगर’ हे अल्बम त्याच सुमारास आले होते. त्यांची विक्री १९९२ मध्ये झपाट्याने वाढली. ‘ग्रंज’ हे नाव संगीतापुरते उरले नाही. वायव्य अमेरिकेतील थंडीत कामगार घालत ते चौकटीचे जाड सदरे १९९२ च्या अखेरीस पेरी एलिस या उंची वस्त्रनाममुद्रेच्या प्रदर्शनात झळकले.

बँडला हे यश पेलले नाही. लेखनश्रेयातून मिळणाऱ्या उत्पन्नाची वाटणी आरंभी तिघांत समान होती. १९९२ मध्ये कोबेन यांनी ती आपल्या बाजूने, आणि पूर्वलक्षी प्रभावाने, बदलण्याची मागणी केली. इतर दोघांनी ती नाइलाजाने मान्य केली, परंतु बँड फुटण्याची वेळ त्यावरून आली होती. अल्बमच्या ध्वनीविषयीही कोबेन आता उघड नाराजी व्यक्त करू लागले. तो पंकपेक्षा झगमगीत हेवी मेटलच्या अधिक जवळचा आहे आणि आपल्याला त्याची लाज वाटते, असे त्यांनी चरित्रकार मायकेल अझेराड यांना सांगितले. १९९३ च्या ‘इन युटेरो’ या पुढील अल्बमसाठी त्यांनी स्टीव्ह अल्बिनी यांना निवडले. किमान संस्करणासह, जसे वाजते तसे मुद्रण करण्याविषयी अल्बिनी यांचा लौकिक होता. तेथेही कंपनी व बँड यांना काही गाणी अखेर अन्य मिश्रकाकडे सोपवावी लागली.

५ एप्रिल १९९४ रोजी कोबेन यांनी आत्महत्या केली आणि निर्वानाचे कार्य संपले. त्यानंतर अनेकांनी अल्बममधील प्रत्येक उदास ओळीत त्या शेवटाची चाहूल शोधली. गाणी मुख्यतः १९९० व १९९१ मध्ये, त्या यशाच्याही आधी लिहिली गेली होती, याचा विसर अशा वाचनात पडतो. शिवाय ‘ड्रेन यू’ किंवा ‘ऑन अ प्लेन’ यांसारख्या गाण्यांतील खट्याळपणाही त्यामुळे झाकला जातो.

ग्रोल यांनी पुढे फू फायटर्स हा बँड स्थापन केला. साउंड सिटी स्टुडिओ २०११ मध्ये बंद झाला तेव्हा तेथील नीव्ह मिश्रणफलक त्यांनी विकत घेतला आणि २०१३ मध्ये त्या स्टुडिओवर एक माहितीपट काढला.

अल्बमच्या वीस वर्षांच्या पूर्तीनिमित्त २०११ मध्ये विस्तारित आवृत्ती प्रकाशित झाली. स्मार्ट स्टुडिओतील मूळ मुद्रणांसोबत बुच व्हिग यांनी वॉलेस यांच्यापूर्वी केलेले आणि बाजूला ठेवले गेलेले मिश्रणही ‘डेव्हनशायर मिक्सेस’ या नावाने त्यात समाविष्ट आहे. त्यात ड्रम्सचा घुमारा कमी, गिटारी अधिक खरखरीत आणि गायन काहीसे मागे आहे. गाणी मात्र तीच आहेत.